सूत्र वैध आहे हे रेझोल्यूशनने कसे सिद्ध करावे

एखादे सूत्र वैध आहे, म्हणजे प्रत्येक अर्थनिर्धारणात (चिन्हांना अर्थ देण्याच्या प्रत्येक प्रकारात) ते सत्यच ठरते, हे फर्स्ट ऑर्डर लॉजिकमध्ये (‘प्रत्येक’ आणि ‘कोणीतरी’ अशा विधानांच्या तर्कशास्त्रात) सत्यता-कोष्टक मांडून दाखवता येत नाही, कारण तपासायची अर्थनिर्धारणे अनंत असतात. म्हणून जे. ए. रॉबिन्सन यांनी १९६५ मध्ये मांडलेली रेझोल्यूशनची रीत उलट बाजूने जाते: सूत्राचा निषेध गृहीत धरायचा आणि त्यातून व्याघात, म्हणजे परस्परविरोध, काढायचा.

‘सर्वजण ज्याला ओळखतात असा कोणी असेल, तर प्रत्येकजण कोणाला ना कोणाला ओळखतो’ हे विधान घेऊ. ‘क्ष हा य ला ओळखतो’ यासाठी ओ(क्ष, य) लिहिले, तर सूत्र असे होते (∀ म्हणजे ‘प्रत्येक’, ∃ म्हणजे ‘असा कोणी आहे’, → म्हणजे ‘जर-तर’, ∧ म्हणजे ‘आणि’, ¬ म्हणजे ‘नाही’):

∃य∀क्ष ओ(क्ष, य) → ∀क्ष∃य ओ(क्ष, य)

निषेध संपूर्ण सूत्राचा करायचा असल्यामुळे पूर्वांग (→ च्या आधीचा भाग) जसेच्या तसे राहते आणि त्याला उत्तरांगाचा (→ च्या नंतरच्या भागाचा) निषेध जोडला जातो. नकार आत नेताना ∀ चा ∃ आणि ∃ चा ∀ होतो, आणि दोन भागांतील चलांची सरमिसळ होऊ नये म्हणून दुसऱ्या भागात नवी नावे द्यावीत:

∃य∀क्ष ओ(क्ष, य) ∧ ∃म∀न ¬ओ(म, न)

आता ∃ काढून टाकावयाचे. येथे दोन्ही ∃ कोणत्याही ∀ च्या कक्षेत नाहीत, त्यामुळे त्यांच्या जागी अ आणि ब हे नवे स्थिरांक येतात, आणि ओ(क्ष, अ) व ¬ओ(ब, न) हे दोन क्लॉज (‘किंवा’ने जोडलेल्या साध्या विधानांचे वा त्यांच्या नकारांचे गट; येथे प्रत्येकात एकच घटक आहे) मिळतात. युनिफिकेशनने, म्हणजे चलांच्या जागी पदे ठेवून दोन घटक जुळवण्याच्या रीतीने, क्ष च्या जागी ब आणि न च्या जागी अ ठेवला की एका बाजूस ओ(ब, अ) आणि दुसऱ्या बाजूस त्याचाच नकार उरतो. त्यांतून रिकामा क्लॉज, म्हणजेच व्याघात, निघतो आणि मूळ सूत्र वैध ठरते.

खरी कसोटी याच्या व्यत्यासात लागते. ‘प्रत्येकजण कोणाला तरी ओळखतो, म्हणून सर्वजण ज्याला ओळखतात असा कोणी आहे’ याच्या निषेधात दोन्ही ∃ एकेका ∀ च्या कक्षेत येतात, म्हणून स्थिरांक चालत नाहीत, फलने घ्यावी लागतात: ओ(क्ष, फ(क्ष)) आणि ¬ओ(ग(न), न). क्ष च्या जागी ग(न) ठेवल्यावर न आणि फ(ग(न)) ही पदे जुळवावी लागतात. परंतु ज्या पदात न स्वतःच आहे ते पद न च्या जागी ठेवता येत नाही, त्यामुळे युनिफिकेशन येथेच अडते. ही तपासणी कधीही गाळू नये. प्रोलॉग या तर्काधारित प्रोग्रॅमिंग भाषेच्या बहुतेक प्रणाली वेगासाठी ती एरवी करत नाहीत, आणि ती गाळल्यास अवैध सूत्राचीही ‘सिद्धता’ हाती येऊ शकते.

एका क्लॉजमधील दोन घटक आपसांत जुळत असतील, तर ते एकत्र करण्याची मुभाही ठेवावी, कारण काही व्याघात तिच्यावाचून निघतच नाहीत.

वैध सूत्राची सिद्धता पद्धतशीर शोधात कधी ना कधी सापडतेच. अवैध सूत्राबाबत मात्र शोध अखंड चालू राहू शकतो, आणि प्रत्येक सूत्राचा निकाल देणारी रीत असूच शकत नाही, हे गणितज्ञ अलोन्झो चर्च आणि ॲलन ट्यूरिंग यांनी १९३६ मध्ये दाखवले. म्हणून क्लॉज वाढतच चालले, तर प्रतिउदाहरण शोधावे. वरील व्यत्यासासाठी दोनच व्यक्ती पुरतात, ज्यांतील प्रत्येकजण केवळ स्वतःला ओळखतो.