मुलांच्या खोलीची खिडकी सजवताय? आधी या चुका टाळा

मुलांची खोली करायची म्हटलं की घरात पहिला वाद डायनासोर की युनिकॉर्न यावरच होतो, आणि खिडकी पश्चिमेला आहे का, तिच्याखाली काय ठेवलंय, पडदा धुणार कसा हे प्रश्न रॉड लागून गेल्यावर आठवतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे खिडकीखाली बेड. मान्य आहे, फ्लॅटमधली खोली दहा बाय दहाची, बेड जाणार कुठे, पण लहान पोरगं बेडवर उभं राहिलं की पुढची पायरी खिडकीचा कट्टाच असतो आणि तिथून थेट ग्रिल. स्टडी टेबल आणि खेळण्यांच्या पेटीचंही तेच. ग्रिल आहे म्हणून निर्धास्त राहू नका, आडव्या पट्ट्या असतील तर पोरं त्यावर सरळ चढतात, आणि दोन पट्ट्यांमधली फट ४ इंचांपेक्षा जास्त नको. मच्छरजाळी फक्त मच्छरांसाठी असते हो, पोराने भार टाकला तर ती ट्रॅकमधून निघून येते. बेड हलवणं शक्यच नसेल तर स्लायडिंग खिडकीच्या ट्रॅकमध्ये स्टॉपर लावून घ्या म्हणजे काच ४ इंचांपुढे सरकत नाही. ग्रिलला अडचणीत बाहेर पडायला उघडणारी खिडकी असेल तर तिची चावी मोठ्यांना अंधारातही सापडेल आणि पोरांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा.

दुसरं, ब्लाइंड्स. दिसायला एकदम भारी, पण त्याची दोरी किंवा रोलरची मण्यांची चेन लहान मुलाच्या गळ्यात अडकू शकते आणि हे सगळं आवाज न होता घडतं. अमेरिकेत यामुळे दरवर्षी ५ वर्षांपर्यंतची सरासरी ९ मुलं दगावतात असं तिथल्या ग्राहक सुरक्षा आयोगाचं म्हणणं आहे, म्हणून २०१८ च्या डिसेंबरपासून तिथे तयार मिळणाऱ्या ब्लाइंड्सना लोंबती दोरी नकोच असा नियम आला. आपल्याकडे चेनवाले सर्रास मिळतात, तेव्हा दुकानात बिनदोरीचं मागा, आधीच लावलं असेल तर चेन ताणून भिंतीला फिक्स करणारी क्लिप बसवा. माझं मत विचाराल तर मुलं लहान असेपर्यंत साधे पडदेच बरे, धुता तरी येतात.

आता नेहमीची तक्रार: "ब्लॅकआउट, म्हणजे उजेड अडवणारा पडदा घेतला तरी दुपारी उजेड येतोच आणि पोर झोपत नाही." कापड बघायच्या आधी रॉड बघा. रॉड खिडकीएवढाच असेल तर दोन्ही बाजूंनी उजेड येणारच, तो प्रत्येक बाजूला ६ ते ८ इंच जास्त हवा आणि कापडाची रुंदी रॉडच्या दीडपट ते दुप्पट. गडद रंग म्हणजे ब्लॅकआउट असंही नसतं, गडद कॉटनमधून उजेड येतो, आणि कोटिंगवाला फिकट पडदा मात्र खोलीत मस्त अंधार करतो. फक्त तो गरम पाण्यात टाकून जोरात पिळू नका, कोटिंगला भेगा पडल्या की बारीक बारीक उजेडाचे ठिपके दिसायला लागतात. कॉटनचं कापड शिवायला टाकायच्या आधी एकदा भिजवून वाळवा, नाहीतर पहिल्या धुण्यातच आखडतं.

रॉड सारखा निघतोय? खिडकीच्या वर बहुतेक ठिकाणी सिमेंट काँक्रीटचं लिंटेल, म्हणजे आडवी तुळई असते, साध्या ड्रिलने तिथे भोक पुरेसं खोल जातच नाही, मग गिट्टी (स्क्रूसाठी भोकात ठोकतात तो प्लग) अर्धवट बसते आणि पोरगं पडद्याला लटकलं की ब्रॅकेट प्लास्टरसकट हातात. हॅमरवाली ड्रिल असणाऱ्याला बोलवा. आणि पडदा जमिनीपर्यंत कशाला? कट्ट्याच्या खाली ६ इंच आला तरी पुरे, लटकायला कमी मिळतं. लांबी रॉडपासून मोजा, खिडकीपासून नाही.

पावसाळ्यात पडद्याच्या खालच्या काठाला काळे ठिपके येतात, ती बुरशी. पडद्याला दोष देण्याआधी स्लायडिंगचा खालचा ट्रॅक बघा, पाणी बाहेर जायची बारीक भोकं धुळीने बुजलेली असतात आणि पाणी आत झिरपतं. जुन्या टूथब्रशने साफ करा. वेल्वेट वगैरे जाड कापड मुलांच्या खोलीत घेऊच नका, धूळ धरतं आणि जुलैमध्ये वाळता वाळत नाही.

चमचम लाइटची माळ पडद्यात गुंडाळू नका, आणि बटण सेलवाली तर अजिबात नको, तो सेल पोटात गेला तर जीवावर बेततं. पेन्सिल सेलवाली घ्या, सेलच्या डबीला स्क्रू असलेली.

राहिले स्टिकर. काचेवर उन्हाने गोंद पक्का बसतो, तेव्हा काढताना हेअर ड्रायरने हलकं गरम करून एका कोपऱ्यातून सावकाश सोडवा, उरलेल्या चिकटपणाला खोबरेल तेल लावून थोडा वेळ ठेवा आणि जुन्या प्लॅस्टिक कार्डाने खरवडा. काचेवर सनफिल्म असेल तर ब्लेड लावू नका, फिल्मच फाटेल.