मृगाआधी एकदा गाडीखाली शिरा

आमच्या पाटण-कोयना भागात जीप पावसाळाभर सड्यावरच्या, म्हणजे डोंगरमाथ्याच्या पठारावरच्या, कच्च्या वाटा तुडवते आणि पोटाला तांबडा चिखल घेऊन घरी येते. खंडेनवमीला गाडी वरून चकाचक होते, पण खालचा चिखल तसाच राहतो. तो आतून ओला असतो आणि तिथंच लोखंड खातो. म्हणून मृग लागायच्या आधी एकदा आणि पाऊस उघडला की पुन्हा एकदा, गाडीखाली आडवं व्हाच.

पहिल्यांदा चेसिस, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा. पोकळ भागाच्या तळाला पाणी निघायची भोकं असतात, ती बुजलेली सापडतील. सायकलचा स्पोक घालून मोकळी करा आणि आत पाइप सोडून गढूळ पाणी थांबेपर्यंत धुवा. वाळल्यावर हातोडीनं हलकं ठोका. धड लोखंड खणखणतं, सडलेलं बद्द वाजतं. पाटे म्हणजे स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्या; त्यांना धरणारे हँगर जिथं चेसिसला जोडलेत तिथं जास्त वेळ द्या, कारण सगळा दणका तिथंच बसतो. कुंभार्ली घाट उतरून गुहागरच्या समुद्राकाठच्या खाऱ्या वाळूत गाडी घातली असेल, किंवा युरिया, शेणखत वाहिलं असेल, तर धुणं त्याच दिवशी.

गंजावर थेट काळं कोटिंग मारून घेऊ नका. वरून छान दिसतं, पण ओल आत कोंडते आणि गंज दिसायचाही बंद होतो. तारेच्या ब्रशनं घासा, पूर्ण वाळू द्या, रेड ऑक्साइडचं अस्तर लावा, मग रंग. जळकं ऑइल फवारायची आपल्याकडे फार सवय आहे. ते रबरी बुशांवर (सांध्यातल्या रबराच्या नळ्यांवर) पडलं तर रबर फुगतं, ब्रेकवर गेलं तर जिवाशी खेळ.

आता पाटे. ते बहुधा सेंटर बोल्टच्या, म्हणजे सगळे पाटे मधोमध एकत्र धरणाऱ्या बोल्टच्या, भोकापाशी तुटतात. पाट्यांच्या मधे गंज धरला की बारीक खड्डे पडतात आणि चीर तिथूनच सुरू होते. चिंधीनं पुसून बॅटरीच्या उजेडात आडवी केसासारखी रेघ शोधा. सापडली तर पाटा बदला. वेल्डिंग करून घेऊ नका. तापलं की पोलादाचं पाणी (कणखरपणा) उतरतं आणि पाटा शेजारीच तुटतो.

शॅकलला, म्हणजे पाट्याचं टोक चेसिसला जोडणाऱ्या हलत्या कडीला, ग्रीस मारताना चेसिस जॅकवर घ्या, खाली घोडी (आधाराचा स्टँड) लावा. पिनवरचा भार गेला की ग्रीस सगळीकडून शिरतं. जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत ग्रीसगन मारत राहा. रबरी बुशला मात्र ग्रीस नको.

पाटे ॲक्सलला (चाकांच्या दांड्याला) आवळून धरणारे यू-बोल्ट ढिले राहिले की पाटे सरकतात, सेंटर बोल्ट कापला जातो, ॲक्सल मागं-पुढं होतो आणि गाडी तिरकी चालते. पाटे उतरवले तर यू-बोल्ट नवेच घाला, कंपनीनं दिलेल्या टॉर्कला (आवळायच्या जोराला) आवळा आणि भरल्या गाडीनं एखादा घाट झाला की परत पाना लावून बघा. तेव्हा थोडेफार फिरतातच.