अमूर्त आणि मिश्र माध्यमांचं समूह प्रदर्शन मांडताना

समूह प्रदर्शन ठरलं की पहिला प्रश्न येतो, "मला कुठली भिंत?" हा प्रश्नच मी बाजूला ठेवायला सांगते. भिंती माणसांना वाटून दिल्या की एकाच दालनात आठ जणांची आठ छोटी प्रदर्शनं दाटीनं उभी राहतात. अमूर्त चित्रात ओळखीचं झाड, घर, माणूस नसतो. बघणारा रंग, पोत आणि मोकळी जागा यांच्या आधारानंच एका चित्राकडून दुसऱ्याकडे सरकतो. त्यामुळे कुठल्या चित्राला कोणाचा शेजार द्यायचा, हेच मांडणीचं खरं काम.

सुरुवात मोजमापापासून करा. प्रत्येकाकडून कामाची रुंदी, उंची, वजन आणि जाडी मागवा. जाडी हमखास राहून जाते, आणि मिश्र माध्यमात, म्हणजे रंगासोबत लाकूड, पत्रा, कापड अशा वस्तू वापरलेल्या कामात, तीच महत्त्वाची. १५ सेंटीमीटर पुढे आलेलं लाकूड अरुंद वाटेत कोणाच्या तरी खांद्याला लागणारच. सगळ्या रुंदींची बेरीज भिंतींच्या एकूण लांबीच्या निम्म्याहून जास्त झाली, तर कामं कमी करायची, हा माझा ठोकताळा. कोणाला वाईट वाटेल, तरी करायचीच. गर्दीत अमूर्त चित्र गुदमरतं.

कामं आली की लगेच हातोडा उचलू नका. फोमच्या तुकड्यांवर ती भिंतीला टेकवून ठेवा आणि जागा बदलत राहा. फोनवर फोटो काढून तो कृष्णधवल करा. रंग निघून गेले की कुठे गडदपणा साचला आहे आणि कुठे सगळं फिकट पडलं आहे, ते लगेच कळतं. बारीक पेन्सिलरेषांचं काम भडक लाल कॅनव्हासच्या शेजारी कधीच नको, त्याला कोपऱ्यापलीकडची शांत भिंत द्या. उलट गंजलेल्या पत्र्याचा कोलाज आणि गेरूच्या पातळ थरांचं चित्र, दोन वेगळ्या हातांची असली तरी, एकमेकांना उजळवतात. असे शेजार शोधायला मला सर्वांत जास्त आवडतं. त्यात पूर्ण दिवस गेला तरी जाऊ द्या.

टांगण्याआधी प्रत्येक कामाच्या मागे वरची बाजू दाखवणारा बाण आणि चित्रकाराची सही आहे का, ते बघा. डच अमूर्त चित्रकार मोंद्रियानचं १९४१ मधलं 'न्यूयॉर्क सिटी १' हे रंगीत चिकटपट्ट्यांचं काम कित्येक दशकं उलटं टांगलेलं असावं, असं जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फच्या संग्रहालयातल्या अभ्यासकांनी २०२२ मध्ये सांगितलं. तरीही ते सरळ केलं नाही, कारण फिरवताना जुन्या पट्ट्या सुटण्याची भीती होती. चिकटवलेल्या वस्तूंना गुरुत्वाकर्षणाची दिशाही सवयीची होते, हे त्यातून घ्यावं.

चित्राचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५० सेंटीमीटरवर ठेवा आणि सगळीकडे एकच उंची पाळा. हिशेब सोपा आहे. मध्य १५०, चित्राची उंची ९०, म्हणजे निम्मी ४५. चित्रामागची तार हुकावर ताणल्यावर वरच्या कडेपासून ८ सेंटीमीटर खाली येत असेल, तर हूक १५० अधिक ४५ उणे ८, म्हणजे १८७ सेंटीमीटरवर. वजन एका बाजूला झुकलेल्या कामाला तार लावू नका, ते तिरकं होत राहतं. त्याला मागे दोन डी-रिंग (चौकटीला स्क्रूनं बसवायच्या 'डी' आकाराच्या कड्या) आणि भिंतीत दोन हूक हवेत.

दिव्याच्या झोतासाठी उभ्या रेषेपासून साधारण ३० अंशांचा कोन धरा. पोत ठळक असेल तर दिवा भिंतीच्या आणखी जवळ घ्या, म्हणजे सावल्या पडून उंचवटे जिवंत होतात. मात्र रेझिनचा, म्हणजे काचेसारख्या घट्ट होणाऱ्या लेपाचा, चकचकीत पृष्ठभाग असेल, तर बघणाऱ्याच्या जागी उभं राहून दिव्याचं प्रतिबिंब तपासा. वर्तमानपत्राचे कपटे, रंगवलेलं कापड, कागद यांच्यावर ५० लक्सच्या (लक्स हे पृष्ठभागावर पडणारा प्रकाश मोजायचं एकक) आसपासच प्रकाश असावा. तैलरंगाला २०० चालतो.

लेबलवर नुसतं 'मिश्र माध्यम' लिहिणं मला पटत नाही. 'कॅनव्हासवर अ‍ॅक्रिलिक, ताग, गंजलेली तार, राख' असं लिहा. लोक वाचतात आणि पुन्हा चित्राजवळ जाऊन राख शोधतात. अर्थ सांगणारा परिच्छेद मात्र नको.

येतानाच प्रत्येक कामाचे जवळून फोटो काढून ठेवा, सुटलेल्या कडा आणि भेगांसकट. परत देताना तेच फोटो समोर ठेवून दोघांनी मिळून तपासायचं आणि सही करायची. बांधताना बबल रॅप थेट रंगावर टाकू नका. अ‍ॅक्रिलिक उष्णतेनं मऊ होतं आणि त्यावर फुग्यांचे गोल ठसे उमटतात. आधी सिलिकॉनचा लेप असलेला कागद, मग बबल रॅप, आणि त्याचे फुगे बाहेरच्या बाजूला.