बेटाभोवतीचा वारा: ॲपवर दिसतो तो आणि प्रत्यक्षात लागतो तो

उष्ण कटिबंधातल्या बेटांवर शिडाची बोट असो, काइट असो, कायाक असो नाहीतर डायव्हिंगची छोटी मोटरबोट, बहुतेक जण काय करतात तर आदल्या रात्री फोनवर वाऱ्याचं ॲप उघडतात, १४ नॉट (म्हणजे तासाला साधारण २६ किलोमीटर) दिसलं की निवांत झोपतात, आणि दुसऱ्या दिवशी बेटाचं टोक ओलांडलं की तोंडावर २५ नॉट. मग सगळा राग ॲपवर. पण ॲप खोटं बोललेलं नसतं, त्याला ते बेट नीट दिसतच नाही. बऱ्याच ॲपमध्ये मागे जीएफएस नावाचं हवामानाच्या अंदाजाचं अमेरिकन संगणकीय मॉडेल असतं, त्याचा जो डेटा आपल्यापर्यंत येतो तो पाव अंशाच्या जाळीवर, म्हणजे एक चौकोन साधारण २७-२८ किलोमीटरचा. युरोपियन मॉडेल ९ किलोमीटरच्या आसपास. आता ८ किलोमीटर रुंदीचं आणि हजार मीटर उंचीचं बेट त्या जाळीत टाका, त्याचा डोंगर सपाट होऊन जातो किंवा सरळ गायबच होतो. त्यामुळे तो १४ चा आकडा म्हणजे खुल्या समुद्रावरचा वारा. बेट त्या वाऱ्याचं काय करतं ते आपलं आपण काढायचं, आणि ते फार अवघड नाहीये.

आधी एक बघा, त्या महिन्यात तिथला नेहमीचा वारा कुठला. उष्ण कटिबंधात हे सोपं आहे कारण वर्षातला बराच काळ व्यापारी वारे वाहतात, उत्तर गोलार्धात ईशान्येकडून, दक्षिण गोलार्धात आग्नेयेकडून, साधारण १० ते २० नॉट. पण त्यालाही मूड असतात. कॅरिबियनमध्ये डिसेंबर-जानेवारीत हेच वारे जोर धरतात आणि कित्येक दिवस २५ च्या खाली येत नाहीत, तिथले लोक त्याला ख्रिसमस विंड्स म्हणतात. ताहितीकडे त्यांच्या हिवाळ्यात आग्नेयेकडून मारामू येतो, तोही थंड आणि दणदणीत. मालदीवमध्ये तर अख्खा वाराच उलटतो, साधारण डिसेंबर ते एप्रिल ईशान्य आणि मे ते ऑक्टोबर नैऋत्य. हे माहीत असलं की अंदाज वाचताना लगेच खटकतं की अरे, आज दिशा वेगळी आहे. आणि दिशा वेगळी दिसली की तो अंदाज दोनदा वाचायचा, कारण बेटावरचे सगळे धक्के, मुरिंग (बोट बांधायचे कायमचे बोये), नांगर टाकायच्या जागा या नेहमीच्या वाऱ्याच्या हिशोबाने निवडलेल्या असतात. हवाईमध्ये हिवाळ्यात कधीकधी वारा उलटून नैऋत्येकडून येतो, त्याला कोना विंड म्हणतात, तेव्हा कालपर्यंत जो आडोशाचा किनारा होता तोच उघडा पडतो आणि तिथे नांगरलेल्या बोटी किनाऱ्यावर ढकलल्या जातात. वारा फक्त १५ नॉट होता हो, असं म्हणून काही उपयोग नाही मग.

आकडे वाचताना दोन-तीन गोष्टी लक्षात असू द्या. वाऱ्याची आणि लाटांची दिशा म्हणजे ते कुठून येतात ती, आणि प्रवाहाची दिशा म्हणजे पाणी कुठे जातंय ती, हे उलटं आहे आणि भले भले गोंधळतात. वेळ बऱ्याच ठिकाणी यूटीसीमध्ये, म्हणजे ग्रिनिचच्या वेळेत असते. ॲपवरचा वारा सरासरी असतो, झोत म्हणजे गस्टचा आकडा वेगळा बघायचा, आणि वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे १० चे २० नॉट झाले की शिडावरचा दाब दुप्पट नाही तर चौपट. हे एकदा डोक्यात बसलं की "पाचच नॉट जास्त आहे" हे वाक्य तोंडातून येत नाही.

आता मुख्य काम. नकाशा घ्या, कागदावर किंवा स्क्रीनवर, त्यात डोंगराची उंची दिसली पाहिजे. ॲपने सांगितलेल्या दिशेने एक बाण काढा. आता ओढ्यातला मोठा दगड डोळ्यासमोर आणा, पाणी दगडापुढे अडतं, दोन्ही बाजूंनी जोरात निघतं, मागे भोवरे करतं. वाराही तसाच, आणि व्यापारी वाऱ्यांच्या पट्ट्यात तर जास्तच, कारण तिथे साधारण दोन किलोमीटर उंचीवर उबदार हवेचा एक थर झाकणासारखा असतो, त्याच्या वर वारा सहजासहजी जात नाही. त्यामुळे डोंगर त्या थराच्या जवळपास किंवा वर गेला असेल तर वारा डोंगरावरून न जाता बाजूने पळतो. ठेंगणं प्रवाळ बेट असेल तर यातलं जवळपास काहीच होत नाही, तिथे ॲपचा वारा जवळजवळ तसाच लागतो.

उंच बेटाची दोन्ही टोकं म्हणजे वाऱ्याची गर्दी. तिथे ॲपच्या आकड्यात सरळ ५ ते १० नॉट मिळवा आणि मग ठरवा जायचं का. दोन उंच बेटांमधली सामुद्रधुनी तर त्याहून वाईट. हवाईत माउई आणि बिग आयलंड यांच्यामधलं अलेनुइहाहा चॅनल यासाठीच बदनाम आहे, एका बाजूला हालेआकाला डोंगर, दुसऱ्या बाजूला ४२०० मीटरचा मौना केआ, मधून सगळा वारा पिळून निघतो आणि समुद्रही तितकाच उसळतो. अशी सामुद्रधुनी ओलांडायची तर आडोशातून बाहेर पडायच्या आधीच शीड कमी करून ठेवायचं. आत अगदी शांत असतं तेव्हा ते मूर्खपणाचं वाटतं, तरी करायचं. पुढे पाण्यावर पांढऱ्या फेसाची एक स्पष्ट रेघ दिसते, जणू कोणी आखलीय, ती वाऱ्याची हद्द. रेघेच्या अलीकडे पाणी गुळगुळीत आणि पलीकडे सगळं पांढरं. ती दिसल्यावर तयारी करायला लागलात तर उशीर झालाय.

वाऱ्याकडची बाजू लोकांना सरळ वाटते पण तिथेही गंमत आहे. कड्याच्या अगदी जवळ वारा वर उचलला जातो, खाली तो विस्कळीत होतो, आणि कड्यावर आपटून परत येणाऱ्या लाटा येणाऱ्या लाटांमध्ये मिसळून समुद्र नुसता खदखदतो. इंजिन बंद पडलं तर वारा तुम्हाला खडकावरच नेणार. त्या बाजूने जायचं तर दोन-तीन मैल लांबूनच.

आडोशाची बाजू म्हणजे शांतता, असं मानणारे खूप, आणि अर्धं खरं आहे ते. हवाईच्या मागचा वाऱ्याचा आडोसा तर उपग्रहाच्या मोजणीत पश्चिमेला शेकडो मैल दिसतो. पण किनाऱ्याजवळ मात्र दऱ्या असतात. डोंगराच्या दरीतून वारा खाली कोसळतो आणि दरीच्या तोंडाशी अचानक झोत येतो, दोन मिनिटं काहीच नाही आणि मग धाडकन २५, तेही दिशा बदलत. म्हणून नांगर टाकताना दरीच्या तोंडासमोर टाकू नका, दोन दऱ्यांच्या मधल्या डोंगराच्या सोंडेखाली जागा बघा. नकाशावर समोच्च रेषा बघितल्या की हे घरबसल्या कळतं, यासाठी ॲप लागत नाही.

याच्यावर अजून दिवस-रात्रीचं चक्र बसतं. शाळेत शिकलो ते खारे वारे आणि मतलई वारे, तेच. मोठ्या बेटावर सकाळी दहा-अकराला खारा वारा सुरू होतो, दुपारी दोन ते चारला पूर्ण जोरात, संध्याकाळी पडतो. जिथे त्याची दिशा व्यापारी वाऱ्याशी जुळते तिथे दोन्हींची बेरीज होते आणि दुपार दणकट जाते, आणि आडोशाच्या बाजूला तो चक्क उलट्या दिशेने येतो. बिग आयलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर दिवसा समुद्राकडून आणि रात्री डोंगराकडून वारा हा रोजचा नेम आहे. म्हणजे दुपारी नांगरलेली बोट रात्री पूर्ण फिरून दुसऱ्याच बाजूला तोंड करते, तर त्या फिरण्याच्या वर्तुळात कुठे प्रवाळाचा खडक नाही ना हे दिवसाउजेडी बघून घ्यायचं. लांबचा टप्पा असेल तर पहाटे निघा, व्यापारी वारा बेटाजवळ त्या वेळी सगळ्यात मवाळ असतो.

स्क्वॉल, म्हणजे पावसाच्या ढगासोबत अचानक येणारा सोसाट्याचा वारा. तो ॲपवर दिसतच नाही, किंवा दिसलं तर "पाऊस २ मिमी" असं काहीतरी. काळ्या सपाट बुडाचा ढग, खाली पावसाचा राखाडी पडदा, आणि पडद्याच्या पायाशी पाण्यावर पांढुरकी पट्टी दिसली की तो वारा घेऊन येतोय. ढगाखालून पलीकडचं क्षितिज स्वच्छ दिसत असेल तर सहसा कमी जोराचा. होकायंत्राने त्याची दिशा घ्या, पाच मिनिटांनी परत घ्या, दिशा बदलली नाही आणि ढग मोठा होतोय तर तो तुमच्याच अंगावर येणार. आधी वारा मंदावतो, मग गार झुळूक लागते अंगाला, आणि त्यानंतर एक-दोन मिनिटांत ३० ते ४० नॉट. गार झुळकीपर्यंत थांबायचं नाही. खुल्या समुद्रावर हे रात्री उशिरा ते पहाटे जास्त असतात, आणि बेटांवरचे गडगडाटी ढग दुपारनंतर, त्यामुळे रात्री पहाऱ्यावर असणाऱ्याने तारे बघत राहायचं, एका बाजूचे तारे गायब व्हायला लागले की रडार लावा नाहीतर सरळ शीड कमी करा.

आता लाटा, कारण कित्येकदा वारा ठीक असतो आणि लाट गोत्यात आणते. अंदाजात उंचीपेक्षा आधी पिरियड बघा, म्हणजे दोन लाटांमधले सेकंद. ७-८ सेकंद म्हणजे जवळच्या वाऱ्याने उठवलेल्या लाटा. १४ ते १८ सेकंद म्हणजे हजारो मैलांवरच्या वादळातून आलेला स्वेल, खोल समुद्रात तो २ मीटरचा असला तरी कळतही नाही, पण रीफवर, म्हणजे प्रवाळाच्या उथळ खडकावर चढला की उभा राहतो आणि फुटतो. सोपा हिशोब असा की पिरियडला दीडने गुणा, तेवढ्या नॉटने तो स्वेल येतोय, १६ सेकंदांचा असेल तर साधारण २४ नॉट, म्हणजे हजार सागरी मैलांवरचं वादळ दोन दिवसांच्या आत दारात. वर आकाश निळंभोर आणि वारा शून्य असताना. जून ते ऑगस्टमध्ये दक्षिण महासागराकडून असा स्वेल फिजी, ताहितीच्या दक्षिण किनाऱ्यांवर येतो, आणि उत्तर गोलार्धाच्या हिवाळ्यात हवाईच्या उत्तर किनाऱ्यावर. अंदाजातली उंची म्हणजे सगळ्यात मोठ्या एकतृतीयांश लाटांची सरासरी, एखादी लाट त्याच्या दुप्पटही येते. आणि मोठ्या लाटा झुंडीने येतात, मधे बराच वेळ शांत जातो, त्यामुळे किनाऱ्यावर उतरायचं किंवा रीफमधल्या वाटेतून आत शिरायचं तर आधी किमान वीस मिनिटं नुसतं बघत बसा. कंटाळा येतो, येऊ द्या.

स्वेल बेटाला वळसा घालून मागच्या बाजूलाही पोचतो, दोन्हींकडून आलेल्या लाटा मागे एकमेकींत मिसळतात, आणि वाऱ्याचा मागमूस नसताना नांगरलेली बोट रात्रभर डोलते. मार्शल बेटांवरचे जुने खलाशी हेच बघून बेट शोधायचे, त्यांनी काड्या बांधून या वळणाऱ्या लाटांचे नकाशे केलेत आणि ते आजही संग्रहालयात बघायला मिळतात. मला हे प्रकरण कुठल्याही ॲपपेक्षा भारी वाटतं.

प्रवाळ बेटांच्या रीफमधून आत लगूनमध्ये, म्हणजे रीफने वेढलेल्या शांत पाण्यात जायची जी वाट असते, तिथे भरती-ओहोटीचं कोष्टक अर्धंच खरं सांगतं. मोठा स्वेल असेल तर लाटा रीफवरून सतत पाणी आत टाकत राहतात, ते पाणी बाहेर पडायला तीच वाट, म्हणून भरती चालू असतानाही पाणी बाहेर धावत असतं. त्यात समोरून वारा असला की वाटेच्या तोंडाशी उभ्या, आखूड, खडी लाटा, छोट्या बोटीला उलटवणाऱ्या. पाणी थांबायची वाट बघा, आणि ऊन डोक्यावर किंवा पाठीमागे असताना जा, म्हणजे पाण्याखालचे खडक रंगावरून दिसतात. समोरून ऊन असेल किंवा स्क्वॉल आलेला असेल तर बाहेरच थांबायचं.

चक्रीवादळाचं थोडक्यात, कारण तिथे हुशारी करायचीच नाही. समुद्राचं तापमान २६.५ अंशांच्या वर लागतं, विषुववृत्तापासून ५ अंशांच्या आत ती फार क्वचित होतात. अटलांटिक-कॅरिबियनचा मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर, दक्षिण प्रशांतचा साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. वादळाच्या अंदाजाच्या नकाशावर जो शंकू दाखवतात तो वादळाच्या केंद्राच्या वाटेचा आहे, वादळाच्या आकाराचा नाही, आणि केंद्र त्या शंकूच्याही बाहेर जाऊ शकतं. आपण शंकूच्या काठाबाहेर आहोत म्हणून सुरक्षित, असं अजिबात नाही.

बॅरोमीटर मात्र जरूर ठेवा, फोनमधलाही चालेल. उष्ण कटिबंधात हवेचा दाब रोज दोनदा चढतो, दोनदा उतरतो, सकाळी दहा आणि रात्री दहाच्या सुमारास जास्त, पहाटे चार आणि दुपारी चारला कमी, फरक २-३ हेक्टोपास्कलचा (दाब मोजायचं एकक, मिलिबार म्हणतात तेच). म्हणून सकाळी दहाचा आकडा दुपारी चारशी ताडून घाबरायचं नाही, काल चार आणि आज चार असं बघायचं. त्या वेळच्या नेहमीच्या दाबापेक्षा ३ ने कमी दिसला तर सावध, ५ ने कमी दिसला तर जवळपास काहीतरी मोठं आहे असंच धरा, मग ॲप काहीही म्हणो. कुठे आहे तेही कळतं, उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे पाठ करून उभे राहिलात की कमी दाबाचं केंद्र तुमच्या डाव्या हाताला, दक्षिण गोलार्धात उजव्या. विषुववृत्ताच्या अगदी जवळ मात्र हे चालत नाही.

निघायच्या दिवशी सकाळी मी हे असं बघतो: दोन वेगळ्या मॉडेलचा वारा, एकमेकांशी जुळत नसेल तर जास्तीचा आकडा धरतो. मग स्वेलची दिशा आणि पिरियड, कालच्या याच वेळेचा दाब, भरतीची वेळ, आणि तिथल्या अधिकृत हवामान खात्याचा सागरी इशारा, तो शब्दन् शब्द. मग बाहेर येऊन डोंगराकडे बघायचं, शिखरावर टोपीसारखा ढग बसलाय का, ढग किती वेगाने पळतायत, लांब टोकाशी पाणी पांढरं आहे का. आणि शेवटी धक्क्यावर जाऊन एखाद्या मच्छीमाराला विचारायचं, आज त्या टोकापलीकडे कसं आहे, तो स्वतः बोट काढत नसेल तर आपण पण काढायची नाही.