इंग्रजी पुरुषनावाची फोड कशी करावी

फोर्टची तटबंदी ज्याच्या कारकिर्दीत पाडली गेली, त्या गव्हर्नरचं (१८६२–६७) पूर्ण नाव हेन्री बार्टल एडवर्ड फ्रिअर. आडनाव सोडून उरलेल्या तिन्ही नावांची मुळं वेगवेगळी. सरावाला मुंबईत याहून चांगलं नाव सापडणं कठीण.

आधी ते पाळण्यातलं नाव आहे की आडनाव, हे बघा. आर्थर रोडमधलं आर्थर हे गव्हर्नर जॉर्ज आर्थरचं आडनाव. क्रॉफर्ड मार्केटवाल्या क्रॉफर्डचं मात्र आर्थर हे पहिलं नाव.

मग हाक मारायचं नाव मुळाशी न्या. बॉब म्हणजे रॉबर्ट, बिल म्हणजे विल्यम, डिक म्हणजे रिचर्ड: रॉब, विल, रिक या लहान रूपांशी यमक जुळवताना पहिलं अक्षर बदललं. हॅरी हा हेन्री, आणि जॅक बहुधा जॉन.

रोमन स्पेलिंग पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. देवनागरीत दोन्ही जॉनच. पण एच असलेला हिब्रू योहानानपासून आला, ‘देवाची कृपा झाली’ या अर्थाचा. एच नसलेला बऱ्याचदा जोनाथनचा तुकडा असतो, म्हणजे ‘देवाने दिला’.

आता फोड. हेन्री जर्मानिक, म्हणजे जर्मन आणि इंग्रजी ज्यातल्या त्या भाषाकुळातलं: ‘हाइम’ घर, ‘रिक’ सत्ता. हा ‘रिक’ आपल्या ‘राजा’चा लांबचा नातलग, रिचर्डमध्येही तोच. हेन्री हे नाव १०६६ नंतर, फ्रान्समधून येऊन इंग्लंड जिंकणाऱ्या नॉर्मन लोकांबरोबर इंग्लंडात रुळलं. एडवर्ड अस्सल जुन्या इंग्रजीतलं: ‘एआड’ संपत्ती, ‘वेआर्ड’ राखणदार. बार्टल हे बार्थोलोम्यूचं लहान रूप. त्यातला ‘बर’ म्हणजे अरामी भाषेत मुलगा, म्हणून ‘तल्मायचा मुलगा’.

बहुतेकांची चूक इथे होते: दोन तुकडे जोडून ‘घरावर राज्य करणारा’ असं वाक्य बनवतात. जुन्या जर्मानिक नावांत असा सलग अर्थ असेलच असं नाही. इंग्लंडातल्या वुस्टरचा बिशप वुल्फस्टन (मृत्यू १०९५) घ्या. आई वुल्फगिफू, बाप एथेल्स्टन. एकीचा ‘वुल्फ’, दुसऱ्याचा ‘स्टन’. लांडगा आणि दगड! आई-बाबांच्या नावांतली अक्षरं जोडून बाळाचं नाव ठेवायची हौस आजची नाही. तेव्हा तुकड्यांचे अर्थ सुटे लिहा.

ग्रीक नावं त्या मानाने सरळ: जॉर्ज शेतकरी, फिलिप घोड्यांवर प्रेम करणारा.

काही नावं फोडून उपयोगच नसतो. १८६५ साली मुंबईत जन्मलेल्या रुडयार्ड किपलिंगचं नाव स्टॅफर्डशरमधल्या एका तलावावरून ठेवलं होतं. तिथे शब्दकोश मिटून नकाशा उघडावा.