सूचिपर्णी लाकडावरची जेली बुरशी ओळखताना या चुका टाळा

पावसानंतर पाइनच्या पडलेल्या ओंडक्यावर नारिंगी, थलथलीत गोळा दिसला की बहुतेकजण त्याला ट्रेमेला मेसेंटेरिका म्हणून मोकळे होतात. ‘विचेस बटर’ म्हणून तिचेच फोटो सगळीकडे फिरतात, आणि मोबाइलवरचं ओळख सांगणारं अ‍ॅपही अनेकदा तेच नाव पुढे करतं. पाइन, स्प्रूस, फर यांच्या लाकडावर मात्र हे नाव जवळजवळ हमखास चुकतं. ट्रेमेला मेसेंटेरिका लाकूड खातच नाही. सालीवर पातळ थरासारख्या पसरणाऱ्या पेनिओफोरा या दुसऱ्या बुरशीवर ती जगते, आणि तो यजमान सापडतो रुंदपानी झाडांच्या वाळक्या फांद्यांवर. सूचिपर्णी लाकडावरचा नारिंगी गोळा बहुधा डॅक्रिमायसिस क्रायसोस्पर्मसचा असतो. ती स्वतः लाकूड कुजवते. दोघींचं साम्य वरवरचं आहे. वर्गीकरणात त्या दोन निरनिराळ्या वर्गांत मोडतात.

खालची माहिती मुख्यतः युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या जातींची आहे, कारण या बुरशींचं काम तिथेच सर्वांत बारकाईने झालं आहे. हिमाचल-उत्तराखंडात देवदार, कैल, चीड यांच्या जंगलात फिरणाऱ्यांनाही तपासणीची पद्धत हीच वापरता येईल. नावं किती ताणायची, ते शेवटी येईलच.

रंगावर विसंबणं

जेली बुरशीत सर्वांत फसवा गुण रंग. तीच डॅक्रिमायसिस कोवळी असताना घट्ट आणि गडद नारिंगी दिसते, दोन दिवस पाऊस लागला की फिकट पिवळी होऊन ओघळते, आणि ऊन पडलं की सुकून लालसर कातडीसारखी लाकडाला चिकटून बसते. एकाच ओंडक्यावर तिन्ही अवस्था मिळतात आणि लोक तीन जाती लिहून घेतात.

त्यापेक्षा ती लाकडाला कुठे चिकटली आहे ते बघा. चाकूच्या टोकाने खालचं सेंटिमीटरभर लाकूड घेऊनच गोळा उचला आणि बाजूने निरखा. डॅक्रिमायसिस क्रायसोस्पर्मसमध्ये वरचा भाग नारिंगी असला तरी बुडाशी पांढरट, थोडा चिवट भाग दिसतो. वरून काढलेल्या फोटोत तो येत नाही, म्हणून निव्वळ वरून काढलेला फोटो ओळखीसाठी निरुपयोगी. गोळा नखाने ओरबाडून काढला तर हा भाग लाकडातच राहून जातो.

लाकूड न तपासता ‘सूचिपर्णी’ लिहिणं

सगळी तपासणी लाकडापासून सुरू होते आणि घाईही इथेच होते. साल गळालेला, शेवाळ चढलेला ओंडका कशाचा, हे आजूबाजूच्या झाडांवरून ठरवू नका. मिश्र जंगलात ते कामाचं नाही. ओंडक्याच्या टोकाकडून आडवा छेद घ्या, धारदार पात्याने छोटा भाग गुळगुळीत करा, पाण्याचं बोट फिरवा आणि दहापट भिंगातून पाहा. रुंदपानी लाकडात छिद्रंच छिद्रं दिसतात. त्या पाणी वाहणाऱ्या नळ्या. सूचिपर्णी लाकडात त्या नळ्या नसतात, फक्त वार्षिक वलयांच्या फिकट-गडद रेघा दिसतात. पाइन, स्प्रूस, लार्च यांत अधूनमधून एखादा ठिपका दिसेल. ती राळेची नलिका. तिला छिद्र समजू नका. देवदार आणि फरमध्ये तर एरवी या नलिकाही नसतात, त्यामुळे राळेचा वास आला नाही म्हणून लाकूड सूचिपर्णी नाही, असंही ठरत नाही.

लाकूड फार कुजलं असेल तर कुजण्याची तऱ्हा बघा. डॅक्रिमायसिस आणि तिच्या नात्यातल्या बुरशी लाकूड तपकिरी करतात आणि त्याला चौकोनी भेगा पाडतात. लाकूड फिकट, तंतुमय होत असेल तर ते काम स्टेरियमसारख्या दुसऱ्या बुरशीचं आहे. अर्थात एका ओंडक्यावर दोन्ही असू शकतात, म्हणून हा पुरावा जोडीला ठेवायचा, एकटा वापरायचा नाही.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी एक वेगळी सूचना. सह्याद्रीच्या आपल्या भागात नैसर्गिक सूचिपर्णी जंगल नाही. कोकणच्या किनाऱ्यावरचा सुरू दिसतो पाइनसारखा, पण तो सपुष्प वृक्ष आहे. त्याच्या ‘सुया’ म्हणजे सांधे असलेल्या हिरव्या काड्या. पानं त्या सांध्यांवर इवलेसे खवले होऊन उरलेली. सुरूच्या ओंडक्यावरची जेली बुरशी सूचिपर्णींच्या किल्लीत (खुणा पायरीपायरीने तपासत नावापर्यंत नेणाऱ्या तक्त्यात) घालून बघितली तर उत्तर हमखास चुकतं. आपल्याकडे खरं सूचिपर्णी लाकूड हाताशी येतं ते पाइनवुडच्या खोक्यांचं आणि पॅलेटचं. पावसाळ्यात त्यावर सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर उंचीच्या, वर चपट्या होत गेलेल्या पिवळ्या-नारिंगी जिभा उगवल्या तर डॅक्रिओपिनॅक्स स्पॅथ्युलारियाचा विचार करा. ती दोन्ही प्रकारच्या लाकडांवर येते, त्यामुळे तिच्या बाबतीत लाकूड ओळखूनही फारसं हाती लागत नाही.

शेजारी कोण आहे, ते न पाहणं

सूचिपर्णी ओंडक्यावर परजीवी जेली बुरशी नसतातच असं नाही. त्यांचा यजमान असतो स्टेरियम सँग्विनोलेंटम: पातळ, कातडी थर, कडेला दुमडलेला. ओला असताना त्याची गुळगुळीत बाजू नखाने ओरखडली की काही क्षणांत लाल होते. थर सुकलेला असेल तर आधी पाणी टाका, दहा-पंधरा मिनिटं मुरू द्या, मग ओरखडा. सुक्यावर करून ‘लाल होत नाही’ असं लिहिणं ही नेहमीची चूक.

हा थर जवळ असेल तर दोन शक्यता जाग्या होतात. फिकट गुलाबी-बदामी, सुरकुतलेला, हाताला घट्ट लागणारा गोळा असेल तर तो मधोमध कापा. आत पांढरा, कठीण गाभा निघाला तर ती नेमाटेलिया एन्सेफाला. तो गाभा स्टेरियमचाच. परजीवी बुरशीने त्याच्याभोवती स्वतःचा थर चढवलेला असतो. न कापता हिला ओळखता येत नाही, आणि नेमकं कापणंच लोक टाळतात. दुसरी शक्यता, तपकिरी पानांच्या चुण्या एकत्र आल्यासारखा मोठा झुबका. ती फिओट्रेमेला फोलियासिया. जुन्या पुस्तकांत रुंदपानी झाडांवरचे असेच झुबकेही याच नावाखाली आहेत. आता त्यांना वेगळ्या जाती मानतात.

तपकिरी आणि काळ्या जेलींची सरमिसळ

पाइनच्या वाळक्या फांदीवर मधाच्या रंगाची, मेंदूसारख्या वळ्यांची, फांदीला सपाट चिकटलेली जेली एक्सिडिया सॅकरिना असू शकते. स्प्रूसवर पातळ, काळ्या चकत्या एकमेकींत मिसळून पट्टा झाला असेल तर एक्सिडिया पिथिया. एक्सिडिया ग्लँड्युलोसा हे नाव मात्र इथे वापरू नका. ती रुंदपानी झाडांवरची. फिओट्रेमेला आणि एक्सिडिया सॅकरिना यांत शंका आली तर बीजाणू निर्णय देतात: फिओट्रेमेलाचे गोलसर, एक्सिडियाचे लांबट आणि वाकलेले.

जी जेली बुरशीच नाही

पाइनच्या जखमेतून ओघळलेली राळ फोटोत सुकत आलेल्या डॅक्रिमायसिससारखी दिसते. तुकडा पाण्यात टाका: बुरशी फुगून मऊ होते, राळ होती तशीच राहते. हाताला चिकटलेली राळ स्पिरिटने निघते. जिवंत ज्युनिपरवर वसंतातल्या पावसानंतर लोंबणाऱ्या नारिंगी, जिलेटिनसारख्या शिंगांना जेली बुरशी म्हणू नका. तो जिम्नोस्पोरँजियम, म्हणजे तांबेरा रोग. पूर्व अमेरिकेत तो ज्युनिपर आणि सफरचंद या दोन झाडांवर आपलं चक्र पुरं करतो. फांदी जिवंत आहे की मेलेली, एवढं पाहिलं तरी हा घोटाळा टळतो. नारिंगी चकतीच्या कडेला भिंगातून पांढरे केस दिसले तर ती लॅकनेल्युलासारखी कपबुरशी.

सूक्ष्मदर्शकाखाली काहीच दिसत नाही

वरच्या खुणांनी अंदाज बांधता येतो, खात्री मात्र बेसिडियमवरूनच, म्हणजे ज्या पेशीवर बीजाणू तयार होतात तिच्यावरूनच. डॅक्रिमायसिसच्या कुळात बेसिडियम बेचकीसारखा असतो, दोन लांब फाटे आणि प्रत्येक टोकाला एक बीजाणू. ट्रेमेला, नेमाटेलिया, एक्सिडिया यांत तो गोल किंवा अंडाकृती असून उभ्या पडद्यांनी बहुधा चार भागांत विभागलेला असतो. ऑरिक्युलेरिया या कानाच्या आकाराच्या जेली बुरशीत तो लांबुळका आणि आडव्या पडद्यांचा. हे एकदा दिसलं की रंगाचा वाद संपतो.

तरी पुष्कळांना काहीच दिसत नाही. पहिलं कारण चुकीचा तुकडा. बेसिडिया पृष्ठभागाच्या पातळ थरात असतात. मधला गर घेतला तर नुसते चिकट तंतू दिसतात. नव्या ब्लेडने पृष्ठभागाचा एक मिलिमीटरहून लहान, शक्य तितका पातळ काप घ्या. काप जाड झाला तर जेली आच्छादन काचेखाली सपाट बसत नाही आणि दृश्य धूसर राहतं. आधी साध्या पाण्यात बघा, म्हणजे नैसर्गिक पिवळा रंग आणि बीजाणूंमधले पडदे कळतात. मग दुसरा काप ३ टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये घ्या, त्यात फ्लॉक्सिन या रंगाचा एक थेंब सोडा आणि पेन्सिलच्या खोडरबराच्या टोकाने काचेवर हलकेच ठोका. दाबून घासलं तर बेचक्या मोडतात. ४०० पटीवर जागा शोधा, मोजमाप तेलाच्या भिंगाने १००० पटीवर.

दुसरं कारण वय. ओघळून पाण्यासारख्या झालेल्या गोळ्यात बेसिडिया कोसळलेले असतात, अगदी कोवळ्यात ते अजून फुटलेले नसतात. घट्ट पण पूर्ण रंग आलेला नमुना निवडा.

तिसरं कारण डॅक्रिमायसिस स्टिलॅटसच्या बाबतीत खास आहे. कुंपणाच्या खांबांवर, जुन्या खिडक्यांच्या चौकटींवर तिचे काही मिलिमीटरचे पिवळे-नारिंगी थेंब रांगेने येतात. त्यातले गडद नारिंगी थेंब बहुतेक वेळा अलैंगिक अवस्थेचे असतात. आत तंतूंचे तुटलेले तुकडे भरलेले, बेसिडिया शून्य. काप पुन्हा पुन्हा घेऊन उपयोग नाही. शेजारचा फिकट पिवळा थेंब घ्या.

आता बीजाणू. स्टिलॅटसच्या पिकलेल्या बीजाणूत ३ आडवे पडदे, लांबी साधारण १२ ते १७ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). क्रायसोस्पर्मसमध्ये ७ पर्यंत पडदे, लांबी साधारण १८ ते २५. गोम अशी की बेसिडियमवर असलेल्या बीजाणूत पडदे नसतात. बीजाणू गळून पडल्यावर ते तयार होतात. कापातले बीजाणू बघून ‘पडदे नाहीत’ असं नोंदवलं की किल्ली भलतीकडे नेते. ताजा तुकडा डबीच्या झाकणाला आतून चिकटवा, खाली काचपट्टी ठेवा, डबीत ओला कागद टाका आणि रात्रभर राहू द्या. पट्टीवर पडलेल्या बीजाणूंतले पडदे मोजा. किमान वीस बीजाणू मोजून लांबी-रुंदीची कक्षा लिहा. एका बीजाणूचं माप म्हणजे माप नव्हे. काही बीजाणूंत अजून पडदे पडायचे असतील, म्हणून सर्वांत जास्त पडदे असलेले कोणते तेही नोंदवा.

आकाराने फसवणाऱ्या इतर

कॅलोसेरा व्हिस्कोसा पिवळी-नारिंगी, फांद्या फुटलेली, सूचिपर्णी बुंध्यावर येते. रामारिया या प्रवाळबुरशीशी घोळ होतो. फांदी वाकवून बघा: कॅलोसेरा चिवट, बुळबुळीत, वाकते, रामारिया कटकन मोडते. कॅलोसेरा जमिनीतून आल्यासारखी दिसली तर खणून बघा, खाली पुरलेलं मूळ किंवा लाकूड निघतं. ग्वेपिनिया हेल्व्हेलॉइडिसचंही तसंच. सॅल्मन रंगाची, एका बाजूला चिरलेल्या नरसाळ्यासारखी असते. सूडोहिडनम जिलॅटिनोसमच्या टोपीखाली मऊ काटे असतात, तिच्यात चुकायला फारशी जागा नाही. पश्चिम अमेरिकेच्या डोंगरांत बर्फ वितळतं तिथे, ओंडक्याला निमुळत्या टोकाने लटकणारे छोटे पिवळे शंकू म्हणजे ग्वेपिनिऑप्सिस अल्पिना.

नमुना घरी येईपर्यंत चिखल होणं

प्लॅस्टिकच्या पिशवीत जेली बुरशी काही तासांत कुजते. लाकडासकट काढून छोट्या डबीत शेवाळावर ठेवा. सुकवताना कागदावर ठेवू नका, ती कायमची चिकटते. लाकडाच्या तुकड्यावरच राहू द्या, ४० अंश सेल्सिअसच्या आसपास. सुकल्यावर पापुद्रा उरतो, म्हणून आकार, रंग, बुडाचा पांढरेपणा आणि ओलेपणी घेतलेली मापं आधीच लिहून ठेवा. पाण्यात टाकल्यावर पापुद्रा पुन्हा फुगतो आणि त्यातून कापही घेता येतो, पण मूळचा रंग भरवशाचा नसतो. लाकडाचा आडवा छेद आणि शेजारच्या स्टेरियमचा तुकडा त्याच पाकिटात ठेवा. ही बुरशी खायची की नाही हा प्रश्न ओळखीत मिसळू नका. फोटोवरून नाव मिळालं म्हणून कुणी ती शिजवू नये.

नाव लावताना

जुन्या पुस्तकांतली डॅक्रिमायसिस पाल्मॅटस आणि आजची क्रायसोस्पर्मस एकच. ट्रेमेला एन्सेफाला आणि ट्रेमेला फोलियासिया ही २०१५च्या फेरमांडणीआधीची नावं. हिमालयातल्या नमुन्याला युरोपातल्या पुस्तकातलं नाव थेट चिकटवू नका. देवदारावर बेचकी-बेसिडियमची, ७ पडद्यांच्या बीजाणूंची नारिंगी जेली मिळाली तर ‘डॅक्रिमायसिस, क्रायसोस्पर्मसच्या जवळची’ असं लिहा. बीजाणू न पाहिलेल्या फोटोपुढे ‘डॅक्रिमायसिस कुळातली’ एवढंच पुरे, आणि स्टेरियम, लाकूड, बुड यांपैकी जे तपासलं नसेल त्यापुढे ‘पाहिलं नाही’ असं स्पष्ट लिहून ठेवा.