लॅपटॉपचं बटण चालत नाही? टोपी उचकटण्याआधी हे वाचा

बटण चालेनासं झालं की पहिला सल्ला ठरलेला असतो: ड्रायव्हर, म्हणजे कीबोर्ड चालवणारं सॉफ्टवेअर, काढून पुन्हा टाका. एकच अक्षर उमटत नसेल तर त्यात ड्रायव्हरचा दोष जवळजवळ कधीच नसतो. तो बिघडला तर सगळा कीबोर्डच गप्प होतो.

त्याऐवजी यूएसबीचा एखादा साधा कीबोर्ड जोडा. त्यावर तेच अक्षर नीट उमटलं तर दोष लॅपटॉपच्या बटणात आहे. अपवाद एकच: फक्त लॅपटॉपवर अक्षरांच्या जागी आकडे येत असतील तर नम लॉक (Num Lock) बंद करा. तिथेही तीच रड असेल तर सेटिंग बघा. बटण बराच वेळ दाबून धरल्याशिवाय उमटत नाही? विंडोजमध्ये उजवं शिफ्ट ८ सेकंद दाबलं गेलं की फिल्टर कीज ही पटकन दाबलेल्या बटणांकडे दुर्लक्ष करणारी सोय सुरू होते, ती बंद करा. ॲट (@) आणि अवतरणचिन्ह (") यांची अदलाबदल झाली असेल तर लेआउट, म्हणजे बटणांची मांडणी, ब्रिटिश झालाय. विंडोज आणि स्पेस एकत्र दाबून तो बदला.

चार-पाच बटणं एकदम मेली असतील तर साफसफाईत वेळ घालवू नका. बटणांच्या तारा आडव्या-उभ्या ओळींत जोडलेल्या असतात. एक ओळ तुटली की तिच्यावरची सगळी बटणं जातात, मग ती एकमेकांपासून दूर का असेनात. हे काम रिबन केबल (कीबोर्ड आत जोडणारी चपटी तार) तपासण्याचं किंवा कीबोर्ड बदलण्याचं आहे. आणि कीबोर्ड मधून फुगल्यासारखा वर आला असेल तर तो दाबून बसवू नका. खाली बॅटरी फुगलेली असू शकते. लॅपटॉप बंद करा, चार्जिंगला लावू नका आणि बॅटरी बदलून घ्या.

एकच बटण अडकत असेल तर लॅपटॉप तिरका धरून डबाबंद हवेचा फवारा मारा. डबा मात्र सरळच धरा, उलटा केला तर आतलं द्रव बाहेर येतं. तेवढ्याने भागलं नाही तरच टोपी, म्हणजे बटणावरचं प्लास्टिकचं झाकण, काढायची.

बरेच कीबोर्ड इथेच हकनाक मरतात. माझा पहिला असाच गेला. मी स्क्रूड्रायव्हरचं टोक खाली घालून उचकटलं. टोपी धड निघाली, पण खालच्या पत्र्यातून वर आलेला बारीक आकडा (हुक) वाकला आणि सरळ करताना तुटला. टोपी सुटी मिळते, तिच्याखालची क्लिप सुटी मिळते. आकडा पत्र्याचाच भाग असतो. एका अक्षरासाठी अख्खा कीबोर्ड बदलावा लागला.

म्हणून धातूचं काहीही वापरू नका. नख किंवा प्लास्टिकची पातळ पट्टी पुरते. टोपीखाली कात्रीसारखी, एकात एक अडकलेल्या दोन चौकटींची क्लिप असते. टोपीची एक बाजू तिच्यावर दाबून बसते, दुसरी सरकून अडकते. कुठली बाजू कशी, हे कंपनीगणिक बदलतं, त्यामुळे आधी आपल्याच मॉडेलच्या सुट्या टोपीचा फोटो शोधून बघा. दाबून बसणाऱ्या बाजूचा एक कोपरा हळूच उचला, टक् झालं की दुसरा. अडलं तर जोर वाढवायचा नाही, बाजू बदलायची. क्लिप निघण्याआधी तिचा फोटो काढा. ती उलटी बसवायचा मोह सगळ्यांना होतो.

कापसाची काडी ९० टक्के किंवा जास्त आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये जेमतेम ओली करून कडेकडेने पुसा. मधली रबरी वाटी ओढू नका. ती चिकटवलेली असते आणि सुटली की बटणाची उसळी पुन्हा पहिल्यासारखी येत नाही.

बसवताना क्रम सोडू नका. क्लिप टोपीला लावून दोन्ही एकदम खाली दाबायचा सल्ला मी एकदा ऐकला आणि क्लिपचा कान तुटला. आधी क्लिप पत्र्याच्या आकड्यांत बसवा. बोटाने वर-खाली करून बघा. ती मोकळी हलली पाहिजे. मग सरकणारी बाजू अडकवून टोपी आडवी टेकवा आणि उरलेली बाजू बोटाच्या पेराने दाबा. दोन टक् ऐकू आले पाहिजेत. एकच आला तर पुन्हा काढा.

स्पेस, एंटर आणि शिफ्टखाली क्लिपशिवाय धातूची तारही असते. टोपी दाबण्याआधी तिची दोन्ही टोकं पत्र्याच्या खाचांत गेलेली हवीत, नाहीतर बटण एकाच कडेने दबतं.